द्राक्षाच्या ग्रुपवर गोंधळ घालणाऱ्यांचं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावचा आणि आजूबाजूच्या चार-पाच गावांचा मिळून द्राक्ष बागायतदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप, साडेसहाशे लोक, चांगला चालला होता. गेल्या सीझनपासून मोजक्या लोकांनी वाट लावली. एक जण सारखे राजकारणाचे फॉरवर्ड टाकतो, एक जण कुणी काही विचारलं की त्याची अक्कल काढतो, एक जण शेतकरी म्हणून घुसलाय आणि दुकानातली औषधं खपवतोय, आणि दोघांचं बांधावरून जे भांडण आहे ते ग्रुपवर पण चालूच. काढलं तर गावात रोज तोंड बघायचंय, नाही काढलं तर जाणते लोक ग्रुप सोडून चाललेत. तर ग्रुप बंदच करून टाकू का?

भाऊ, बंद करू नकोस. मी बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस, स्वतःची साडेचार एकर बाग आहे, आणि अकरा वर्षं झाली असे ग्रुप सांभाळतोय, आता तीन आहेत, दोन व्हॉट्सॲपवर एक टेलिग्रामवर. तू लिहिलंयस तो प्रत्येक माणूस माझ्याकडे येऊन गेलाय, काही अजून आहेत आणि आता चांगले वागतात. त्यामुळे जे लिहितोय ते करून बघितलेलं आहे.

पहिलं म्हणजे तुझा प्रश्न त्या चार-पाच जणांबद्दल आहे पण तुझं खरं दुखणं ते नाहीये. ग्रुप उघड, मागच्या डिसेंबरपर्यंत वर जा आणि तेव्हा नीट उत्तरं देणारे दहा जण कागदावर लिही, मग गेल्या दोन महिन्यांत त्यातले किती जण बोललेत ते बघ. माझ्याकडे एकदा हे केलं तेव्हा दहातले सात गप्प होते आणि सातपैकी एकानंही ग्रुप सोडलेला नव्हता, नुसते गप्प. त्यातल्या एका तात्यांना फोन केला, वीस वर्षं एक्सपोर्टची बाग करणारा माणूस, म्हटलं तात्या काय झालं, बोलत नाही तुम्ही. ते म्हणाले अरे मी पानाचा फोटो बघून सविस्तर लिहितो आणि खाली लगेच चाळीस मेसेज येतात मोदी-राहुलचे, ज्यानं विचारलं त्यानं ते वाचलं का तेच कळत नाही, मग कशाला लिहू. त्यांना कुणी शिवी दिली नव्हती, अपमान केला नव्हता. उत्तर वाहून जात होतं एवढंच.

आपल्या धंद्यात हे जास्त लागतं, कारण आपले प्रश्न थांबत नाहीत. फ्लॉवरिंगमध्ये प्लॉट आहे, रात्री पाऊस झाला, पानं ओली, डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) यायला अजून काय लागतं. एखाद्या पोरानं रात्री नऊला फोटो टाकून विचारलं की सकाळी काय मारू, तर त्याला उत्तर पहाटेच्या आत पाहिजे, फवारणीचा ब्लोअर सहाला निघतो. त्याच्या फोटोवर साठ मेसेज चढले की त्याचं नुकसान रुपयात होतं. म्हणून मी ॲडमिन म्हणून रोज एकच गोष्ट बघतो, प्रश्न विचारणाऱ्याला जागा राहिली का आणि उत्तर देणाऱ्याला लिहावंसं वाटतंय का. भांडणात कोण बरोबर कोण चूक याचा निवाडा करत बसायचं काम ॲडमिनचं नाही, आणि ज्या दिवशी तू तो करायला बसशील त्या दिवशी दोन्ही बाजू तुझ्यावर येतील.

आधी ग्रुप छोटे होते तेव्हा हे सगळं लागत नव्हतं हेही लक्षात घे. मी सुरू केलं तेव्हा एका ग्रुपमध्ये १०० जणच मावायचे, सगळे एकमेकांना ओळखणारे, कुणी वाकडं बोललं तर दुसऱ्या दिवशी सोसायटीत नाहीतर चहाच्या टपरीवर भेटायचाच. २०१६ मध्ये २५६ झाले, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४. आपण आपले भरत गेलो, आणि ओळखीच्या भरवशावर जी शिस्त होती ती पातळ होत गेली. साडेसहाशे माणसांत लाज कुणाची वाटणार? तेव्हा तुझं काही चुकलं म्हणून हे झालं असं मनात आणू नकोस, आकारानंच झालं.

आता माणसांकडे येतो.

अक्कल काढणारा. हा सगळ्यात अवघड, कारण बहुतेक वेळा यालाच सगळ्यात जास्त कळतं. माझ्याकडे एक अण्णा होते, बागेतलं ज्ञान अफाट, थिनिंगपासून (घडातले मणी विरळ करणं) डिपिंगपर्यंत (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) तोंडपाठ, पण नवीन पोरानं काही विचारलं की सुरुवातच "एवढं पण कळत नसेल तर बाग कशाला लावली" इथून. मी दोन वर्षं सोडून दिलं, म्हटलं ज्ञान देतायत ना, बोलू दे. मग एका पोरानं पहिल्याच बहाराला पानावरच्या डागाचा फोटो टाकला, अण्णांनी त्याची पार धूळधाण केली, दहा-बारा जणांनी वर हसण्याच्या इमोजी टाकल्या. त्यानं परत कधी विचारलं नाही. दुकानात गेला, दुकानदारानं दिलं ते मारलं, काढणीला किती दिवस राहिलेत ते कुणी बघितलंच नाही, आणि तपासणीत औषधाचा अंश सापडून सॅम्पल फेल. एक्सपोर्टचा माल लोकलला गेला. मला हे कळलं मार्केटमध्ये, त्याच्या चुलत्याकडून. त्या दिवसापासून अशा मेसेजला मी "स्वभावच तसा आहे त्यांचा" म्हणून सोडत नाही.

मग काय केलं? सकाळी अण्णांच्या बागेत गेलो. फोनवर नाही, मेसेजवर तर नाहीच. आधी बाग बघितली, खरोखर बघितली, मग सांगितलं की अण्णा त्या पोराचं असं असं झालं. ते गप्प झाले. मी एवढंच म्हटलं की उत्तर द्या, कितीही कडक द्या, पण फवारणीवर बोला, पानावर बोला, विचारणाऱ्या माणसावर बोलू नका, माणसावरचं वाक्य आलं की मी मेसेज काढणार, तुम्ही असा नाहीतर माझे वडील असोत. आणि रविवारी सकाळी दहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकायचं काम त्यांना दिलं, या आठवड्यात प्लॉटला काय बघायचं एवढंच. पुढच्या चार महिन्यांत दोन मेसेज काढावे लागले, त्यानंतर नाही. सगळे अण्णा असे ऐकतात असं नाही, एक जण रागानं निघून गेला तो परत आला नाही, आणि त्याची उणीव भासते हेही खरं आहे. तरी मी तेच परत करीन.

इथं माझी एक चूक सांगतो कारण तू पण ती करायच्या बेतात दिसतोयस, तू लिहिलंयस की "एकदा ग्रुपवरच सगळ्यांसमोर खडसावतो". नको. मी केलंय. पाचेक वर्षांपूर्वी एक जण रोज रात्री सगळ्यांना टोचून लिहायचा, मी एकदा भडकून ग्रुपवर त्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट टाकले आणि खाली लांबलचक सुनावलं. शंभरेक लोकांनी अंगठे दिले, मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं वेगळा ग्रुप काढला, आमच्यातले दीडशे जण घेऊन गेला, आणि महिन्याभरानं कळलं की गारपिटीत त्याचा अख्खा प्लॉट गेला होता, बँकेचा हप्ता थकलेला, घरात आजारपण. त्याचं ग्रुपवरचं वागणं चूकच होतं, पण चारचौघांत माणसाला उघडं पाडलं की त्याला मागे यायचा रस्ता उरत नाही, तो पुढेच जाणार. म्हणून आता क्रम ठरलेला आहे. आधी मेसेज गुपचूप काढायचा (२०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, बऱ्याच ॲडमिनना हे माहीतच नसतं), लगेच ग्रुपवर काही लिहायचं नाही, आणि सकाळी फोन. फोनवर पहिलं वाक्य बागेचं, दुसरं घरचं, तिसरं "काल रात्रीचा मेसेज मी काढला, का काढला ते सांगतो." बहुतेक प्रकरणं इथंच संपतात, आणि कुणाला कळतही नाही.

सकाळीच का म्हणतो? रात्री भांडण मिटत नाही. शेतीच्या लाईटचा टाईम रात्रीचा असला की माणूस अकराला मोटार चालू करायला जातो, झोप मोडलेली, डोक्यात कर्ज आणि दर, हातात फोन. त्यात आधीच कुणीतरी ग्रुपवर वाकडं लिहिलेलं असतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये हे प्रयोग करून दाखवलं. काही लोकांना सोपी चाचणी दिली, काहींना मुद्दाम अवघड देऊन वैतागवलं, मग चर्चेत लिहायला सांगितलं. मूड चांगला आणि वरच्या प्रतिक्रिया पण साध्या असतील तेव्हा ३५ टक्के लोकांनी खोडसाळ लिहिलं, मूड खराब आणि वर पण खोडसाळ प्रतिक्रिया असतील तेव्हा ६८ टक्के. माणसं तशीच साधी, नेहमीची. याचा आपल्यासाठी सरळ अर्थ असा की पहिला वाकडा मेसेज जितक्या लवकर निघेल तितके पुढचे कमी येतात, आणि ज्या रात्री गारा पडल्यात त्या रात्री लोकांना थोडं जास्त सांभाळून घ्यायचं.

गारपिटीच्या, अवकाळीच्या रात्री मी आधीच एक मेसेज वर पिन करतो की आज फक्त नुकसानीचे फोटो, गाव, गट नंबर, आणि पंचनामा-विमा कसा कळवायचा तेवढंच. लोकांना काहीतरी करायला असलं की शिव्या कमी होतात. काही ॲडमिन रात्री दहा ते सहा ग्रुप "फक्त ॲडमिन" करून ठेवतात, ती सोय २०१८ पासून आहे. मी सीझनमध्ये ते करत नाही कारण रात्रीचा फोटो अडकतो. छाटणीच्या आधी दोन महिने जेव्हा बागेत काम कमी आणि राजकारण जास्त असतं तेव्हा खुशाल कर. टेलिग्रामवर याहून बरं आहे, तिथं स्लो मोड लावता येतो, एका माणसाला एक मेसेज टाकला की पाच मिनिटं किंवा पंधरा मिनिटं किंवा तासभर थांबावं लागतं, भांडणातला दम आपोआप जातो. एकट्या माणसाचं लिहिणं ठराविक दिवस बंद करता येतं तेही ग्रुपात ठेवून. व्हॉट्सॲपवर तसं नाही, तिथं काढायचं नाहीतर ठेवायचं, मधलं काही नाही, म्हणून आपणच मधलं तयार करायचं : सात दिवस बाहेर, आणि काढतानाच फोनवर सांगायचं की पुढच्या सोमवारी मी स्वतः परत घेतो. आणि सोमवारी घ्यायचंच. विसरलास तर तुझ्या शब्दाला किंमत राहणार नाही.

दुकानवाला. याच्याबद्दल माझं मत अनेकांपेक्षा वेगळं आहे, मी दुकानदारांना काढत नाही. कृषी सेवा केंद्रवाल्याला बाजारात काय आलंय, कुठलं मिळत नाहीये हे आपल्या आधी कळतं. त्रास होतो तो लपून बसलेल्याचा, "माझ्या प्लॉटला हे मारलं, एक नंबर रिझल्ट" म्हणून स्वतःच्या कपाटातलं खपवणाऱ्याचा. आमच्याकडे नियम आहे की ज्याचं दुकान आहे, जो कंपनीत आहे, जो पैसे घेऊन सल्ला देतो त्यानं नावापुढे तसं लिहायचं. दुसरा नियम, औषध सांगताना ब्रँड नाही, आतला घटक, प्रमाण, आणि काढणीपूर्वी किती दिवस आधी थांबायचं ते. हे तीन नसेल तर मेसेज निघतो, दुकानदाराचा असो की माझा. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची द्राक्षाला शिफारस केलेल्या औषधांची यादी पिन केलेली आहे, त्याच्या बाहेरचं सांगायचं नाही. जाहिरात करायची तर बुधवारी, एक मेसेज.

हे कडक वाटेल, पण २०१० आठव. क्लोरमेक्वाटचा, म्हणजे वेलीची वाढ रोखायला मारतात त्या, आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याचा अंश सापडला आणि युरोपात आपली द्राक्षं अडकली, ज्यांनी कधी वावगं केलं नव्हतं त्यांचेही भाव पडले. आणि २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ती कपाशी होती, पण "हे त्यात मिसळून मारा" असं बिनधास्त सांगणारा माणूस सगळ्या पिकांत असतो. ग्रुपवर चुकीचं मिश्रण सांगणारा माणूस अत्यंत नम्र भाषेत, हात जोडलेल्या इमोजीसकट सांगतो, तरी मी त्याला शिवी देणाऱ्याच्या आधी थांबवतो. गोंधळ म्हणजे नुसता आवाज नाही, हे लोकांना पटवायला मला वेळ लागला.

राजकारणाचे आणि जातीधर्माचे फॉरवर्ड : इथं मला चर्चाच करायची नसते. शून्य. कुठल्या पक्षाचा, कुठल्या बाजूचा, खरा की खोटा, बघत नाही, द्राक्षाचं नाही तर निघालं. याच्यात मी माझ्या सख्ख्या मामाला आठवडाभर बाहेर ठेवलं होतं, आईनं दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं, पण त्यानंतर "तू आमच्याच पक्षाचे काढतो" हे कुणी म्हणालं नाही. नियम पहिल्यांदा स्वतःच्या माणसावर चालवून दाखवावा लागतो.

आणि अफवा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून मोबाईलवर फिरत होतं, आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना लोकांनी ठेचून मारलं. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली माणसं, पोटासाठी एवढ्या लांब आलेली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं केलं. द्राक्षाच्या सीझनमध्ये आपल्याकडे किती लांबून मजूर येतात, नाशिकच्या पेठ-सुरगाण्याकडून, परराज्यातून, तंबू टाकून राहतात. "अनोळखी लोक फिरतायत" असला एक फॉरवर्ड त्यांच्या जिवावर येऊ शकतो. असा मेसेज दिसला की मी झोपेतून उठवला तरी काढतो, आणि इथं मात्र ग्रुपवर लिहितो की हे खोटं आहे, पोलिसांशी बोललो आहे. आणि खरोखर बोलतो.

कायद्याची भीती तुला आहे असं दिसतंय, ती थोडी कमी करतो. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १ मार्च २०२१ ला सांगितलं की ग्रुपच्या सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं तर ॲडमिनचा त्यात समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला बेत दिसल्याशिवाय नुसता ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. ॲडमिनकडे तेव्हा मुळात माणूस घ्यायचा-काढायचा एवढाच अधिकार होता, मेसेज टाकायच्या आधी तो अडवू शकत नाही, असा मुद्दा होता. पण म्हणून दोन समाजात तेढ लावणारं काही आलं आणि तू तीन दिवस बघत बसलास किंवा त्यावर अंगठा दिलास तर ते वेगळं. तेढीचं कलम आधी भारतीय दंड विधानात १५३अ होतं, आता न्याय संहितेत १९६ आहे. मेसेज काढायच्या आधी स्क्रीनशॉट घे, तारीख-वेळ दिसेल असा, आणि एका वहीत लिहून ठेव. माझ्याकडे अकरा वर्षांच्या चार वह्या आहेत, तारीख, काय झालं, काय केलं, कोणत्या दोन ॲडमिननी ठरवलं. कुणी म्हणालं माझ्यावरच का, तर वही उघडून दाखवता येते.

यात सगळ्यात त्रासाचं मला वाटतं ते व्यापाऱ्यांचं. तू लिहिलं नाहीस पण येईल तुझ्याकडे, मार्चमध्ये हमखास येतं. माल उचलला, चेक दिला, चेक वटला नाही, व्यापारी फोन उचलत नाही. शेतकरी ग्रुपवर नाव-फोटो-गाडी नंबरसकट टाकतो, "हा बुडवा आहे, शेअर करा". आता यात माहिती खरी असेल तर दहा लोक फसण्यापासून वाचतात, ग्रुपचं यापेक्षा मोठं काम नाही. आणि खोटी असेल, किंवा दुसऱ्या व्यापाऱ्यानं दर पाडायला कुणाकरवी टाकली असेल, तर एका माणसाचा धंदा बसला आणि बदनामीचा दावा आला. मी दोन्ही बघितलंय. आम्ही असं ठरवलं की नाव थेट टाकायचं नाही, आधी ॲडमिनला सौदा पावती, चेकचा आणि तो परत आल्याच्या बँकेच्या मेमोचा फोटो, किंवा पोलिसात अर्ज दिला असेल तर त्याची पोच पाठवायची. दोन ॲडमिन बघतात, व्यापाऱ्याला एक फोन करतात, आणि मग ग्रुपवर फक्त घडलेलं जातं : अमुक तारखेचा अमुक रकमेचा चेक परत आला, पोलिसात अर्ज दिलाय. "बुडवा", "चोर" हे शब्द नाहीत. हे सगळं एका दिवसात करायचं, उशीर झाला तर उपयोग नाही. दोनदा असं झालं की आमच्या एका फोननंच पैसे आले. आणि एकदा आम्ही कागद बघत बसलो तोवर त्याच व्यापाऱ्यानं शेजारच्या गावातला माल उचलला, ते मला अजून टोचतं.

बायकांचं सांगायलाच पाहिजे. आमच्या ग्रुपवर बाग स्वतः बघणाऱ्या बायका आहेत, काही नवऱ्याच्या नंबरवरून बोलतात, काही स्वतःच्या. एका ताईंनी जीएच्या (मणी वाढवायच्या संजीवकाच्या) डिपिंगबद्दल विचारलं, ग्रुपवर दोन चांगली उत्तरं आली, आणि त्याच रात्री पर्सनलवर चार जणांचे मेसेज, झोपलात का, फोटो छान आहे, असले. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, सरळ ग्रुप सोडला. मला सहा महिन्यांनी कळलं. तेव्हापासून यात सात दिवस-बिवस नाही, फोन-समजूत नाही, मेसेजचा फोटो आला की माणूस कायमचा बाहेर, आणि ॲडमिनमध्ये एक ताई आहेत ज्यांना हे थेट सांगता येतं, त्यांचा नंबर ग्रुपच्या माहितीत वरच आहे. पुरुष ॲडमिनला हे कुणी सांगत नाही हे मान्य करून टाक.

बांधाचं भांडण : मिटवायला जाऊ नकोस. कुणाचा बांध कुणी कोरला ते मोजणीवाले बघतील. दोघांचेही मेसेज काढायचे, कमी-जास्त चूक बघायची नाही, आणि दोघांनाही शब्दशः एकच वाक्य पाठवायचं. त्यातला एक तुझ्या भावकीतला असेल तर तू हातच घालू नकोस, दुसऱ्या गावच्या ॲडमिनला करू दे. म्हणूनच ॲडमिन चार-पाच पाहिजेत, वेगवेगळ्या गावचे, वेगवेगळ्या पक्षाचे, आणि एकाच दुकानात उधारी नसलेले. ज्या ॲडमिनचं भांडण आहे त्यानं त्यात ठरवायचं नाही. "काढलं तर गावात तोंड दाखवायची पंचाईत" हा तुझा प्रश्न निम्मा इथंच सुटतो, कारण काढणारा तू एकटा राहत नाहीस.

नियम लिहिताना "सभ्य भाषा वापरावी, शिस्त पाळावी" असलं काही लिहू नकोस, ते कुणी वाचत नाही आणि भांडणात उपयोगी पडत नाही. आमचे असे आहेत : द्राक्षाचंच. माणसावर बोलायचं नाही. औषध सांगाल तर घटक, प्रमाण, थांबायचे दिवस. दर टाकाल तर गाव, व्हरायटी, तारीख. दुकान-कंपनी असेल तर नावापुढे लिहा. कुणाला पर्सनल मेसेज करायचा तर आधी ग्रुपवर विचारा. सहा ओळी, आणि प्रत्येक ओळ मोडली की नाही हे पोरालाही सांगता येईल अशी.

आता तुझं. गोडी छाटणीला (फळासाठीच्या छाटणीला) अजून तीन आठवडे आहेत, तेवढ्यात उरक, एकदा डिपिंग-थिनिंग सुरू झालं की तुलाही वेळ नाही आणि लोकांनाही. या रविवारी तीन माणसं निवड ॲडमिनला, समोर बसून बोला. सहा ओळी पिन कर. ग्रुपची लिंक रिसेट कर आणि नवीन माणूस मंजुरीशिवाय येणार नाही ते सेटिंग चालू कर, दुकानवाल्यांची अर्धी भरती लिंकवरूनच होते. जुन्या मेसेजबद्दल कुणालाही काही बोलू नकोस, पिन केल्यापासून पुढचंच धरायचं. मग त्या गप्प झालेल्या दहा जणांना फोन लाव, एकेकाला, आणि सांग की काका, तुमचं उत्तर वाहून जाणार नाही याची आता आम्ही काळजी घेतोय, आठवड्यातून एकदा तरी लिहा. ते फॉरवर्डवाल्याच्या आधी, अक्कल काढणाऱ्याच्याही आधी. दहातले तीन-चार परत आले की बाकीच्यांचं वागणं बरंचसं बदलेल, नाही बदललं तर मला कळव, काय झालं ते तारीखवार लिहून पाठव, बघू.